रानपक्ष्यांच्या अंड्यांची उबवणी



महाभारताच्या आदिपर्वांतील विनतेची कथा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. कद्रू व विनता या कश्यपाच्या दोन भार्या. एकीनें सहस्र पुत्र मागितले. दुसरीनें दोनच मागितले, परंतु ते अधिक बलाढ्य असावेत असें मागणें केलें. दोघींनीं अंडीं घातलीं आणि दासींनीं तीं दमट उबेच्या भांड्यांत जपून ठेवलीं. पांचशें वर्षांनीं कद्रूच्या अंड्यांतून नाग बाहेर पडले. विनतेचीं दोन अंडीं मात्र तशींच राहिलीं. तिला धीर धरवला नाहीं. तिनें एक अंडें आपल्या हातानें फोडलें. आंतून अरुण बाहेर आला. पण त्याच्या शरीराचा वरचा भाग तेवढा पूर्ण झालेला, आणि खालचा अपुरा! त्यानें मातेला शाप दिला, आणि दुसऱ्या अंड्याच्या बाबतींत तरी उतावीळ करूं नकोस, असें बजावलें. तें दुसरें अंडें आपल्या वेळीं फुटलें, आणि त्यांतून गरुड जन्मास आला.

पुराणकथा म्हणून ही गोष्ट क्षणभर बाजूस ठेवली, तरी तिच्यांत एक अनुभवाचें सार सांठवलेलें आहे. अंडें उबविण्यास तीन गोष्टी लागतात: ऊब, ओलावा आणि धीर. मनुष्यानें पक्ष्याचें हें काम आपल्या हातीं घेतल्यास दोन सहस्रांहून अधिक वर्षें झालीं. या दीर्घ काळांत त्याला प्रथम उबेचें मर्म कळलें, मग ओलाव्याचें. आणि धीराचें मर्म सर्वांत शेवटीं. आज मी आपणांपुढें जो इतिहास थोडक्यांत ठेवणार आहें, तो मुख्यतः शिकारीच्या पक्ष्यांचा आहे. म्हणजे तितर, लावा, चकोर, मोनाल वगैरे रानकुक्कुटांचा, आणि आपल्या माळरानावरील माळढोकाचा. ज्यांना मारण्याकरितां मनुष्यानें अंडीं उबविण्याची विद्या वाढविली, त्यांनाच वांचविण्याकरितां आज ती विद्या राबविली जात आहे. हा पालट कसा घडला, हें पाहण्यासारखें आहे.

या विद्येची सर्वांत जुनी परंपरा मिसर देशाची. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत आरिस्टॉटल यानें आपल्या प्राणिविषयक ग्रंथांत नमूद केलें आहे कीं, मिसर देशांत अंडीं उकिरड्यांत पुरून ठेवतात व तीं आपोआप उबतात. याच ग्रंथकारानें कोंबडीच्या अंड्यांतील गर्भाची वाढ दिवसागणिक कशी होते याचें वर्णन केलें आहे. तिसरा दिवस उलटल्यावर रक्ताचा एक ठिपका दिसतो, तो हलतो, उडतो, आणि तेंच हृदय होय, हें त्याचें निरीक्षण आजहि खरें ठरतें.

पुढें मिसरी लोकांनीं उकिरड्याच्या जागीं मातीच्या विटांचीं मोठीं उबवणीगृहें बांधलीं. मध्यें एक अरुंद बोळ, त्याच्या दोन्ही बाजूंस दुमजली खोल्यांच्या रांगा. खालच्या मजल्यांत अंडीं मांडलेलीं, आणि वरच्या मजल्यांत गोवऱ्यांचा व कडब्याचा मंद विस्तव, अशी ही रचना. नाईल नदीच्या मुखाकडील प्रदेशांत बेर्मा या गांवच्या लोकांची या कामांत विशेष ख्याति होती. ही विद्या बापाकडून मुलाकडे जाई. त्यांच्याजवळ उष्णतामापक यंत्र नव्हतें. अंडें उचलून डोळ्याच्या पापणीला लावावें, आणि तेथील नाजूक त्वचेला जें जाणवेल त्यावरून विस्तव वाढवावा किंवा कमी करावा, ही त्यांची रीत. शिवाय त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक होती. प्रथमचे दहाबारा दिवस विस्तव लागतो. पुढें गर्भ वाढला म्हणजे त्याची स्वतःची ऊब निर्माण होते, आणि हजारों अंडीं जवळजवळ असल्यानें तीं एकमेकांनाच ऊब देतात. त्या वेळीं जो विस्तव चालूच ठेवील, त्याचीं पिलें आंतच भाजून मरतील. शास्त्रीय कारण न समजतां शास्त्रशुद्ध वर्तन कसें घडतें, याचें हें उत्तम उदाहरण आहे.

परंतु मिसर देशांतील ही सर्व खटपट कोंबडीसाठीं होती. कोंबडी ही हजारों वर्षें माणसाळलेली. रानपक्ष्याची गोष्ट निराळी. रानपक्षी पिंजऱ्यांत अंडींच घालीत नाहीं, घातलीं तर त्यांवर बसत नाहीं, आणि बसला तर किंचित् भय वाटतांच तीं टाकून देतो. हा प्रश्न ज्यानें हातीं घेतला आणि सोडविला, अशा एका पुरुषाची नोंद आपल्याच देशाच्या इतिहासांत सांपडते. तो पुरुष म्हणजे दिल्लीपति जहांगीर.

जहांगीर बादशहानें १६०५ ते १६२७ पर्यंत राज्य केलें. मद्य आणि विलास यांसाठीं तो प्रसिद्ध आहे. परंतु पशुपक्ष्यांचा असा सूक्ष्म निरीक्षक त्या काळीं जगांतहि विरळा होता. सारस पक्ष्यांच्या जोडप्यानें अंडीं केव्हां घातलीं, नर व मादी आळीपाळीनें कसे पहारा करीत व बसत, पिलें किती दिवसांनीं निघालीं, हें सर्व त्यानें आपल्या आत्मचरित्रांत टिपून ठेवलें आहे. त्याच ग्रंथांत तदरू नांवाच्या रानकुक्कुटाविषयीं तो लिहितो कीं, हा पक्षी बंदिवासांत प्रजा देत नाहीं असा सर्वांचा समज होता. आपल्या वडिलांच्या, म्हणजे अकबराच्या, कारकीर्दींत पुष्कळ यत्न होऊनहि पिलें मिळालीं नव्हतीं. जहांगिरानें नर व माद्या एकत्र ठेवण्याची आज्ञा केली. हळूहळू त्या अंडीं घालूं लागल्या. मग तीं अंडीं काढून घरगुती कोंबड्यांखालीं ठेवण्यास त्यानें सांगितलें. दोन वर्षांत साठसत्तर पिलें निघालीं, आणि त्यांपैकीं पन्नाससाठ मोठीं झालीं. ज्यानें ऐकलें तो चकित झाला, असें बादशहा अभिमानानें लिहितो.

या नोंदीचें महत्त्व त्या पिलांच्या संख्येंत नाहीं. अंडें एकीचें आणि ऊब दुसरीची, या युक्तीनें रानपक्ष्याचा वंश वाढवितां येतो, हें येथें निरीक्षणानें सिद्ध झालें आणि लिहून ठेवलें गेलें. आपल्या खेड्यापाड्यांतील बायकांना खुडूक कोंबडीचा हा गुण पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कोंबडी एकदां रवणावर बसली कीं खालीं बदकाचें अंडें आहे कीं तितराचें, याची ती चौकशी करीत नाहीं.

ज्या काळांत जहांगीर हे प्रयोग करीत होता, त्याच काळांत युरोपांत कॉर्नेलिस ड्रेबेल नांवाचा एक डच कारागीर निराळ्या वाटेनें जात होता. त्यानें उबवणीची एक पेटी केली. तिच्यांतील उष्णता वाढली कीं नळींतील मद्यार्क फुगे, तो पाऱ्याला ढकली, पारा एका दांडीला उचली, आणि ती दांडी भट्टीची हवा कोंडी. विस्तव आपोआप मंद होई. आपली उष्णता आपणच आंवरणारें यंत्र म्हणून ज्यांची नोंद आहे, त्यांत हें अगदीं आरंभींचें होय. आज कारखान्यांत आणि घरोघरीं जीं असंख्य यंत्रें स्वतःची उष्णता स्वतः सांभाळतात, त्यांच्या वंशावळीच्या मुळाशीं अंडीं उबविण्याची एक पेटी आहे, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

अठराव्या शतकांत फ्रान्समधील थोर शास्त्रज्ञ रेओम्यूर यानें हा विषय हातीं घेतला. १७३० च्या सुमारास त्यानें स्वतःचा उष्णतामापक तयार केला होता. त्यामुळें मिसरी कारागिरांची पापणी आतां अंशांत मोजतां येऊं लागली. १७४९ मध्यें त्यानें अंडीं उबविण्याच्या कलेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानें घोड्याच्या लिदींत पिंपें पुरलीं व त्यांत अंडीं ठेवलीं. उष्णता बरोबर असूनहि प्रारंभीं गर्भ मेले. शोध करतां कळलें कीं, लिदीची ओली वाफ आंत शिरून अंड्यांचा घात करते. पिंपांना आंतून लेप देऊन ती वाफ अडविल्यावर पिलें निघूं लागलीं. येथें दुसरें मर्म मनुष्याच्या हातीं आलें. ऊब बरोबर असली तरी ओलावा चुकला तर सर्व व्यर्थ.

हें असें कां व्हावें? शाळेंत हा विषय निघाला म्हणजे एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारी, "गुरुजी, पिलूं आंत गुदमरत कसें नाहीं?" याचें उत्तर असें. अंड्याचें कवच भरीव दिसतें, पण त्याला सहस्रावधि सूक्ष्म छिद्रें असतात. त्यांतून प्राणवायु आंत जातो आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. उबवणीच्या काळांत अंड्याचें वजन सुमारें बारा ते पंधरा टक्क्यांनीं घटतें, आणि जितकें पाणी जातें तितकी बोथट टोंकाकडील हवेची पोकळी वाढते. हवा अति दमट असली तर ही पोकळी पुरेशी वाढत नाहीं, आणि पिलूं आंत पाण्यानें फुगून राहतें. हवा अति कोरडी असली तर आंतील पापुद्रा सुकून चामड्यासारखा चिवट होतो, आणि पिलूं त्यांत जखडलें जातें. पूर्ण वाढ झालेलें पिलूं चोंचीनें प्रथम त्या पोकळींत शिरतें आणि तेथें आयुष्यांतील पहिला श्वास घेतें. मग चोंचीवरील कठीण टोंकानें तें कवचाला भोंक पाडतें, थोडी विश्रांति घेतें, आणि हळूहळू स्वतःभोंवतीं फिरत कवचाची टोपी कापून बाहेर येतें.

ही सर्व माहिती गोळा होत असतांना इंग्लंडांत शिकारीची चाल बदलत होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर मागील बाजूनें झटपट भरतां येणाऱ्या बंदुका प्रचारांत आल्या, आणि हांकारे घालून उठविलेले पक्षी शेंकड्यांनीं पाडणें हा बड्या जमीनदारांचा हिंवाळी खेळ झाला. इतके पक्षी रानांत कोठून यावेत? यासाठीं रानरक्षक नेमलेले असत, आणि उन्हाळ्यांत त्यांचें मुख्य काम अंडीं उबविणें हेंच असे. माळावर लांकडी खोक्यांच्या रांगा मांडीत. प्रत्येक खोक्याच्या तळाशीं हरळीचा ओला थर व त्यावर वाळलें गवत, आणि त्यावर एक खुडूक कोंबडी. प्रथम तिला चिनी मातीच्या खोट्या अंड्यांवर बसवून पारखीत. ती स्थिर बसते अशी खात्री पटली म्हणजे फेझंट नांवाच्या रानकुक्कुटाचीं खरीं अंडीं देत. तितराच्या लहान अंड्यांसाठीं हलक्या अंगाची ठेंगणी कोंबडी निवडीत, कारण जड कोंबडीखालीं तीं फुटत. रोज एकदां प्रत्येक कोंबडीला उचलून खुंटीला बांधीत, दाणापाणी देत, आणि तेवढा वेळ अंडीं किंचित् निवूं देत. कोंबडीचें पिलूं एकवीस दिवसांत निघतें. फेझंटचें सुमारें चोवीस, आणि करड्या तितराचें चोवीस ते पंचवीस दिवसांत. हा फरक रानरक्षकाच्या बोटांवर असे.

सफोक परगण्यांतील यूस्टन येथील जहागिरीवर याहून चतुर युक्ति निघाली. तितराचें घरटें सांपडलें कीं रानरक्षक खरीं अंडीं काढून घेई व तेथें खोटीं अंडीं ठेवी. तितरी खोट्या अंड्यांवर बसून राही. खरीं अंडीं कोंबडीखालीं सुरक्षित उबत. कोल्ह्याकावळ्यानें घरटें लुटलें तर नासत तीं खोटीं अंडीं. पिलांनीं कवचाला पहिली चीर पाडली कीं रक्षक तीं अंडीं नेऊन तितरीखालीं परत ठेवी, आणि थोड्याच वेळांत ती आपलें सारें लेंढार घेऊन शेतांत चालूं लागे. पिलांना ऊब कोंबडीचीहि चालते, पण ससाण्याची सावली पडतांच दबून कसें बसावें आणि कोंवळे किडे कोठें शोधावेत, हें तितरीच दाखवूं शकते, हें या युक्तीमागील शहाणपण.

आणि एवढ्या वात्सल्याचा हेतु काय? १९१३ च्या डिसेंबर महिन्याच्या १८ तारखेस हॉल बार्न येथील जहागिरींत बादशहा पंचम जॉर्ज व त्यांचे सोबती शिकारीस गेले. सात बंदुकांनीं त्या एका दिवसांत ३,९३७ फेझंट पाडले. त्या दिवशीं आपण जरा अतिरेकच केला, अशा अर्थाचे उद्गार स्वतः बादशहांनीं काढल्याचें सांगतात. दुसऱ्याच वर्षीं महायुद्ध पेटलें, अनेक रानरक्षक सैन्यांत गेले, आणि तो काळ संपत चालला.

यंत्रविद्या मात्र पुढेंच गेली. १८८१ मध्यें चार्ल्स हिअर्सन या इंग्रज गृहस्थानें एका यंत्राचा हक्क नोंदविला. त्यांत पातळ पत्र्याची एक डबी असून तिच्यांत ठराविक उष्णतेस उकळणारा द्रव असे. उष्णता वाढतांच डबी फुगे, एक दांडी उचलली जाई, आणि दिव्याची जास्त ऊब बाहेर निघून जाई. आज हवा खेळविणाऱ्या उबवणीयंत्रांत सुमारें साडेसदतीस अंश सेल्सियस उष्णता ठेवतात. अंडीं दिवसांतून अनेक वेळां फिरवितात. शेवटच्या तीन दिवसांत फिरविणें थांबवून हवेंतील ओलावा वाढवितात, म्हणजे पापुद्रा मऊ राहतो.

या शेवटच्या तीन दिवसांतच तिसऱ्या मर्माची, धीराची, परीक्षा असते. कवचाला चीर पडते आणि मग कित्येक तास कांहींच घडत नाहीं. पाहणाऱ्याचा जीव कासावीस होतो; पिलूं थकलें, त्याला सोडवूं या, असें वाटतें. परंतु त्या वेळीं पिलूं स्वस्थ पडलेलें नसतें. आंतील पापुद्र्यांत अजून त्याच्या रक्तवाहिन्या असतात, आणि त्यांतील रक्त त्याला आपल्या शरीरांत ओढून घ्यावयाचें असतें. उरलेला बलक पोटांत सामावून घ्यावयाचा असतो. याच बलकावर तें बाहेर आल्यावर दिवस दोन दिवस अन्नावांचून राहूं शकतें. अशा वेळीं कवच ओढून काढलें तर रक्तस्राव होतो, बलक बाहेर राहतो, आणि पिलूं मरतें. विनतेच्या अरुणाची ही शास्त्रीय बाजू होय. जाणता माणूस त्या वेळीं यंत्राचें झांकण उघडीतहि नाहीं, कारण झांकण उघडलें कीं ओलावा उडून जातो.

आणखी एक नवल आहे. लाव्याच्या जातीच्या पक्ष्यांवर केंब्रिज येथील मार्गरेट व्हिन्स या विदुषींनीं १९६० नंतरच्या दशकांत प्रयोग केले. त्यांना आढळलें कीं, शेवटच्या काळांत अंड्यांतील पिलें टक् टक् असा आवाज करतात, आणि एकमेकांस टेकलेल्या अंड्यांतील पिलें त्या आवाजानें आपली गति जुळवून घेतात. मागें पडलेलें पिलूं घाई करतें, आणि सर्व पिलें जवळजवळ एका वेळीं बाहेर येतात. तीच अंडीं दूर दूर ठेवलीं तर पिलें निरनिराळ्या वेळीं निघतात. रानांत आई सर्वांना घेऊन तत्काळ निघून जाते. जें मागें राहील तें मेलेंच. म्हणून अंड्यांतच हा एकमेळ साधला जातो.

इतकी विद्या हातीं आल्यावर रानपक्ष्यांची चिंता संपावयास हवी होती. पण तसें झालें नाहीं. इंग्लंडांतील करडा तितर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत झपाट्यानें घटला. डिक पॉट्स या संशोधकांनीं १९६८ पासून ससेक्स परगण्यांत त्याचा माग घेतला. अंडीं उबत होतीं, पण पिलें जगत नव्हतीं. तणनाशक औषधांनीं शेतांतील तण गेलें, तणाबरोबर त्यावरचे किडे गेले. आणि तितराच्या पिलाला पहिले दोन आठवडे किडेच हवे असतात. असेंच दुसरें उदाहरण हिमालयाच्या पायथ्याचें. इस्लामाबादजवळच्या मारगल्ला टेंकड्यांतून चीर नांवाचा रानकुक्कुट नाहींसा झाला होता. १९७८ पासून इंग्लंडांतून त्याचीं अंडीं आणून, उबवून, पिलें वाढवून तेथें सोडण्याचे प्रयत्न झाले. पिलें निघालीं, मोठींहि झालीं. परंतु त्यांची टिकाऊ वस्ती तेथें होऊं शकली नाहीं.

आतां आपल्या माळढोकाकडे वळतों. हा उंच, देखणा, गवताळ माळाचा पक्षी एके काळीं दख्खनच्या पठारावर दूरवर पसरलेला होता, आणि शिकाऱ्यांचें तें आवडतें लक्ष्य होतें. सोलापूर जिल्ह्यांतील नान्नज हें नांव त्याच्याचमुळें सर्वत्र झालें. तेथील अभयारण्य १९७९ मध्यें स्थापन झालें. शिकार झाली, माळ नांगरले गेले, विजेच्या तारांना धडकून पक्षी मेले. आणि आज सबंध देशांत त्यांची संख्या दीडशेंच्या आसपास किंवा त्याहूनहि कमी मानली जाते. त्यांतील बहुतेक राजस्थानांत आहेत. मादी एका वेळीं बहुधा एकच अंडें घालते, तेंहि उघड्या जमिनीवर. म्हणून २०१९ मध्यें जैसलमेर जिल्ह्यांत सम येथें केंद्र काढून रानांतील अंडीं यंत्रांत उबविण्यास प्रारंभ झाला, आणि पिलें निघालीं. पुढें त्यांच्यांतीलच जोड्यांना २०२३ मध्यें पिलूं झालें, आणि २०२४ मध्यें कृत्रिम रेतनानें पहिलें पिलूं जन्मलें. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे शास्त्रज्ञ व राजस्थानचें वनखातें यांच्या परिश्रमाचें हें फळ आहे, आणि त्याबद्दल त्यांना धन्यवाद दिले पाहिजेत.

परंतु याच ठिकाणीं इतिहास आपणांस सावध करतो. डोळे उघडतांच जो दिसेल त्यालाच पिलूं आई मानतें, हें कोनराड लोरेंट्स यांनीं १९३५ मध्यें हंसांच्या पिलांवरून विशद केलें. माणसाच्या हातीं वाढलेला पक्षी माणसाळतो; त्याला माळावर परत राहावयास शिकविणें हें काम अंडें उबविण्याहून कठीण आहे. आणि तो परत जाईल तेव्हां त्याच्यासाठीं माळ शिल्लक असला पाहिजे. आपल्या सरकारी दप्तरांत गवताळ माळाला फार काळ पडीक जमीन हेंच नांव होतें. जेथें माळढोक आपलें एकुलतें अंडें घालतो, ती जमीन पडीक कशी?

ऊब मनुष्यानें मिसर देशांत साधली, ओलावा फ्रान्समध्यें ओळखला. धीर मात्र प्रत्येक पिढीला नव्यानें शिकावा लागतो. आतांचा धीर तीन दिवसांचा नव्हे. तो पन्नास शंभर वर्षें माळ राखण्याचा आहे. यंत्र आपणांस पिलूं देईल. त्या पिलाला पाय टेकावयास भूमि देणें हें यंत्राचें काम नव्हे, तें आपलें आहे.